तेरा खापऱ्या आणि एक वही

रद्दी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. मी रद्दीतच उभा असतो. खोपोलीच्या अंगाला एक कागद गिरणी आहे, तिच्या यार्डात ठेकेदाराच्या हजेरीवर मी पाच वर्षं काम करतोय. मुंबई-ठाण्याहून ट्रक येतात, तारेनं आवळलेल्या गाठी उतरतात. तार तोडायची, गाठ फोडायची, प्लास्टिक-चिंध्या जमेल तेवढ्या बाजूला काढायच्या आणि उरलेलं पट्ट्यावर लोटायचं. पट्टा वर चढतो आणि पल्परच्या तोंडात ओकतो. खाली पाणी आणि फिरतं पातं. थोड्या वेळात लगदा. लग्नपत्रिका, कोर्टाची समन्सं, देवादिकांची कॅलेंडरं, मार्कशिटा. पल्पर जात बघत नाय. मी पाहिलेली तेवढी एकच जागा.

गेल्या पावसाळ्यात एका गाठीतून एक लांबट वही घसरली. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं गेलेली, कडेनं भिजून फुगलेली. मुंबईतल्या चाळी पडतायत. वरळीच्या बीडीडीवाल्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगलंच झालं, शंभर वर्षं त्या खोल्यांत माणसं एकमेकांच्या श्वासावर जगली. पण नव्या घरात जाताना माळ्यावरची पेटी कोण नेतो? पेटी भंगारात जाते, आतले कागद रद्दीत आणि रद्दी आमच्या यार्डात. ही वही कुठल्या चाळीतली, सांगता येत नाही. गाठीला पत्ता नसतो, फक्त वजन असतं.

मी उघडली. जयंतीची वर्गणी होती. साल १९५७. रकाने आखलेले: नाव, गाव, खातं, रक्कम. सुरुवातीला रुपये-आणे आहेत आणि एप्रिलपासून नवे पैसे, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणं आलं. लिहिणारा नव्या हिशोबात एकदोनदा चुकलाय, खोडून परत लिहिलंय. दोस्तहो, ही कुठली जयंती ते ध्यानात घ्या. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यांच्यानंतरची ही पहिली जयंती. ज्या माणसांनी चार महिन्यांपूर्वी चैत्यभूमीवर ऊर बडवला, त्याच माणसांनी पगारातून आणे काढून दिले, आणि कुणीतरी खोलीतल्या दिव्याखाली बसून एकेक आणा मांडला. खात्याच्या रकान्यात रिंग, रिंग, बदली, रिंग, झाडू. साचेखातं एकदाही नाही. त्याचं पुढे सांगतो.

गावाच्या रकान्यात आमच्या खालापूर तालुक्यातली तीन गावं सापडली. त्यातलं एक माझं. त्या गावापुढचं नाव माझ्या पणज्याचं. एक रुपया चार आणे. आडनावाला रकानाच नाही. आमच्या गावात त्या नावाची त्या वेळी तीन माणसं होती असं आजी सांगते, आणि तिघंही मुंबईला गिरणीत. तेव्हा हा पणजा की दुसरा कुणी, हे मी छाती ठोकून लिहू शकत नाही.

वही मी डब्याच्या पिशवीत घातली. गेटवर झडती झाली. यार्डातली रद्दी म्हणजे कंपनीचा माल. गेटच्या रजिस्टरात माझी नोंद झाली: नाव, वेळ, जप्त माल – जुनी वही १ नग, अंदाजे दोनशे ग्रॅम. मुकादम बोलला, "रद्दी वाचायला हजेरी देतात का रे तुला?" एका दिवसाची हजेरी कापली आणि वही माझ्या अंगावर फेकली. त्या वहीची आजवरची पहिली सरकारी थाटाची नोंद ती. चोरीची, आणि वजनावर.

घरी आणून मी काय केलं ते लाज सोडून सांगतो. आईनं चुलीजवळच्या फळीवर ती वाळत ठेवली. पानं वाकडी झाली म्हणून मी इस्त्री फिरवली. दोन पानं फाटली होती, त्यांना सेलोटेप लावला. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं. आठ दिवसांत आत काळे-हिरवे ठिपके. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जुलैत भिंतीला हात लावला तरी बोटं ओली होतात, चपलेला बुरशी येते, माणसाच्या मनालाही येते.

आमच्याच तालुक्यातली एक मुलगी मुंबईत जुन्या वस्तू सांभाळायचं काम शिकलीय. आमच्या वस्तीतली नव्हे, पण ओळखीची. मी तिला ताई म्हणतो. तिला वही दाखवली तर ती आधी काही बोललीच नाही. सेलोटेपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, कागद मेला तो पावसानं कमी आणि प्रेमानं जास्त." सेलोटेपाचा डिंक वर्ष-दोन वर्षांत पिवळा होतो, कागदात मुरतो आणि अक्षरं खातो. काढायला गेलं तर कागदाची सालं निघतात. इस्त्रीनं कागद कडक होतो. प्लास्टिकात ओल कोंडते आणि बुरशीला घर मिळतं. ओला कागद सावलीत, वारा खेळता ठेवून, टिपकागदाच्या मध्ये वाळवायचा, टिपकागद बदलत राहायचं. बुरशी सुकली की मऊ ब्रशानं बाहेरच्या बाजूला झाडायची, तोंडाला फडकं बांधून. फाटलं असेल तर गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद. ही खळ पाण्यानं परत सुटते. त्यांचा पहिला नियमच तो: जे करशील ते उद्या कुणाला काढता आलं पाहिजे. आमची आजी गोधडीला टाका घालायची तोही असाच. ओढला की निघणारा.

कागद का मरतो, ते मात्र मी तिला सांगितलं. ते आमच्या धंद्यातलं. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद लाकूड नुसतं दळून करतात, लाकडातलं लिग्निन आतच राहतं. उजेड लागला की पिवळा पडतो. शाई फुटू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटी द्यायचे, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कागदाला आतून कुरतडतं. वर्षं गेली की घडीवरच मोडतो. जुन्या पोथ्यांचा हातकागद चिंध्यांचा, म्हणून तीन-तीनशे वर्षं टिकला. म्हणजे बघा, ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचे शब्द चिंधीच्या कागदावर गेले आणि टिकले. चिंध्या नेसणाऱ्यांचे शब्द आले ते सगळ्यात स्वस्त कागदावर. मूकनायक ३१ जानेवारी १९२० ला निघालं, बहिष्कृत भारत ३ एप्रिल १९२७ ला. पैसा नव्हता, वर्गणीदार थकवायचे, मिळेल त्या कागदावर छापायचं. शासनानं १९९० मध्ये ही दोन्ही पत्रं पुन्हा छापली म्हणून माझ्यासारख्याच्या हाती तरी आली. आणि हा आपला सायक्लोस्टाइलचा अंक? याचा कागद मी बोटानं ओळखतो. जास्त काही बोलत नाही, संपादक रागावतील.

पण ताईनं खळीचं भांडं काढायच्या आधी मला बसवलं आणि म्हणाली, "आता काही करू नको. आधी लिही." संग्रहालयात वस्तू आली की पहिलं काम काचेचं कपाट नव्हे, पहिलं काम नोंदवही. दाखल क्रमांक द्यायचा: साल, त्या सालातली कितवी वस्तू, तिचे भाग असतील तर त्यांचे उपक्रमांक. तो क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही, वस्तू हरवली-मोडली तरी नाही. मेलेल्या माणसाचं नाव दुसऱ्याला लावत नाहीत तसं. मग वस्तू काय, कशाची, लांबी-रुंदी, कुठे फाटलीय, कुठे डाग, कुणी दिली, त्याला कुठून मिळाली, त्यानं काय सांगितलं, दानात दिली की उसनी, आता कुठल्या खोलीत कुठल्या खणात. शेजारी पट्टी ठेवून फोटो. वस्तूवर क्रमांक टाकायचा तोही परत निघेल असा: कागदावर मऊ पेन्सिलीनं, कापडाला फितीवर लिहून फीत टाक्यानं, दगड-धातूला आधी लाखेसारखा थर देऊन त्यावर. नोंदवहीची एक प्रत दुसऱ्या इमारतीत, कारण आग लागली तर वस्तू आणि तिचं नाव दोन्ही एकदम जाऊ नयेत. आता हे सगळं संगणकावरही करतात. पुण्याच्या सी-डॅकनं त्यासाठी बनवलेल्या प्रणालीचं नाव 'जतन'.

मी विचारलं, एवढं कशाला? वस्तू आहे ना समोर! तिनं मला सोपाऱ्याची गोष्ट सांगितली. मग ती मी वाचून काढली.

नालासोपाऱ्यात एक टेकाड होतं. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. बुरुड म्हणजे टोपल्या-सुपं विणणारा. कुठल्या पुराणात बुरुडाला राज्य नाही, पण लोकांच्या तोंडी होतं. १८८२ च्या एप्रिलात पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खोदलं. हा जुनागढचा माणूस, इंग्रजी शाळेत न शिकलेला, गिरनारच्या शिलालेखाशी झुंजत ब्राह्मी शिकलेला, भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली तयार झालेला. टेकाड निघालं बौद्ध स्तूप. पोटात दगडाची पेटी. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धाच्या आठ ब्राँझच्या मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा, स्फटिकाच्या आत सोन्याचा. आणि सोन्याच्या आत काय? मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी श्रद्धेनं ठेवलेल्या. बरोबर सोन्याची फुलं आणि यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं, त्यावरून काळाचा अंदाज लागतो. हे सगळं आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहे.

आता त्या तेरा खापऱ्या घ्या आणि कुंभारवाड्याच्या उकिरड्यावर टाका. ओळखून दाखवा! कशाच्या आत काय होतं, कुठल्या क्रमानं होतं, कुठल्या गावच्या कुठल्या टेकाडात होतं, हे भगवानलालनं लिहून छापलं म्हणून त्या खापऱ्या बोलतात. लिहिलं नसतं तर सोनं सोनं म्हणून राहिलं असतं, बहुतेक वितळलं असतं, आणि माती परत मातीत. त्या दिवशी मला कळलं की वस्तू सांभाळणं म्हणजे तिच्याभोवतीचं बोलणं सांभाळणं.

आणि दुसरं खापर आठवलं. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडकं बांधून फिरावं लागे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून, आणि कमरेला झाडू. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे मांडलंय. मुंबई-पुण्याची संग्रहालयं मी हिंडलो. हस्तिदंत बघितलं, तलवारी बघितल्या, राण्यांच्या आरशांना किती रत्नं आहेत ते बघितलं. ते मडकं मला कुठल्या काचेत दिसलं नाही. कोण ठेवील? ज्यानं बांधायला लावलं त्याला लाज नको होती आणि ज्याच्या गळ्यात होतं त्यानं पहिल्या संधीला ते दगडावर आपटलं असणार. मीही तेच केलं असतं. अशा वस्तू उरतच नाहीत. त्यांची फक्त नोंद उरू शकते.

साप्ताहिक सुट्टीला मी खोपोली लोकल पकडून भायखळ्याला गेलो. तिथलं संग्रहालय मुंबईतलं सगळ्यात जुनं, २ मे १८७२ ला लोकांना खुलं झालं. १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव आहे, आणि २००८ मध्ये मोठी दुरुस्ती होऊन ते परत उघडलं. आवारात दगडाचा हत्ती आहे. तो आमच्या रायगडचा, घारापुरीचा. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. १९१४ साली ते तुकडे जुळवून तो उभा केला. मला तो हत्ती फार आवडला. अंगावर सांधे दिसतात. लपवलेले नाहीत.

आत मात्र मी एका कपाटासमोर बराच वेळ थांबलो. मातीच्या वीतभर मूर्ती. जातीजमातींच्या, धंद्यांच्या, पागोट्यांच्या. कारागिरी अशी की बोटांची पेरं मोजावीत. साहेबाला हिंदुस्थान समजून घ्यायचा होता, त्यानं माणसांचे नमुने करवून घेतले, जसे लाकडाचे, धान्याचे, दगडांचे. मूर्तीला जात आहे, धंदा आहे, पोशाख आहे. नाव नाही. कुंभार म्हणजे कुठलाही कुंभार. अशीही नोंद असते, जिच्यात माणूस सापडतो आणि हरवतो. माझ्या वहीत उलटं. तिथे अंगावर कापड काय होतं ते नाही, पण नाव आहे आणि त्यानं दिलेला एक रुपया चार आणे आहे.

आता साचेखात्याचं. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं काम मुंबई महापालिकेनं हाती घेतलेलं आहे. तिथे कधीतरी काचेत धोटा ठेवतील. खाली पाटी लावतील: धोटा, लाकूड व लोखंड, इतके सेंटिमीटर, विसावं शतक. एकही शब्द खोटा नसेल. पण धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे, थुंकी लागे, म्हणून आमच्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. उष्टं नको! जास्त पगार त्या खात्यात, म्हणून आम्ही रिंगला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल संपवाल्यांच्या पुढाऱ्यांपुढे टाकला: आधी आमच्या माणसांना साचेखातं खुलं करा. धोट्याच्या पाटीवर हे आलं नाही तर तो धोटा मुका राहील, कितीही तेलपाणी करा. वाळवीपासून लाकूड वाचवता येतं. पाटी लिहिणाऱ्याच्या विसरण्यापासून कसं वाचवणार? आमच्या खोपोलीच्या टाटांच्या वीजघरातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. खालापूरहून वीज गेली तशी माणसंही गेली. विजेची नोंद आहे, दिवस-साल-वारासकट.

गंमत अशी की नोंद ठेवायचं काम शेकडो वर्षं आमच्याचकडे होतं. गावाची शीव कुठून जाते, कुठला दगड कुणाच्या बांधावर, कुणी कुणाची जमीन दाबली, हे महाराला ठाऊक. वाद झाला की महाराची साक्ष. तो गावाचं चालतं-बोलतं दफ्तर. पण अक्षर शिकायला बंदी! डोक्यात ठेव, सांग म्हटलं की सांग, मेलास की दुसरा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत. त्यात आमची माणसं सापडतात ती वेठीला धरलेली. १९५९ साली कायद्यानं महारकीचं वतन गेलं, बरं झालं. त्याबरोबर ती साक्षही गेली, कुणी लिहून घेतल्याशिवाय.

आणि कागद हातात आले तेव्हा आपण काय केलं? हे लिहिताना हात जड होतो. बाबासाहेबांचं दिल्लीतलं शेवटचं घर, २६ अलीपूर रोड. त्यांच्यामागे माईसाहेब तिथल्या एक-दोन खोल्यांत कागद-पुस्तकं सांभाळून होत्या. १९६७ च्या जानेवारीत त्या बाहेरगावी असताना खोल्या रिकाम्या करण्यात आल्या आणि कागद अंगणात फेकले गेले. पाऊस पडला. जगातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांत जो माणूस दिवसभर न जेवता वाचत बसला, त्याच्या हाताची अक्षरं अंगणात भिजली. कुठली गेली? त्या कागदांची यादीच झालेली नव्हती, मग काय गेलं ते कोण सांगणार? उरलेल्या पेट्या सरकारी ताब्यात फिरत राहिल्या. १९७६ मध्ये महाराष्ट्र शासनानं चरित्र साधने समिती नेमली, वसंत मून यांनी त्या कागदांत बसून एकेक पान लावलं आणि १४ एप्रिल १९७९ ला पहिला खंड निघाला. तेवीस वर्षं लागली!

मग तरी शहाणपण आलं का? डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वर्तमानपत्रातल्या एका बातमीची स्वतःहून दखल घेतली. बातमी अशी: बाबासाहेबांच्या खंडांच्या नऊ लाख प्रती छापायच्या म्हणून ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, आणि चार वर्षांत छापल्या ३३ हजार. मी कागद गिरणीतला माणूस, मला दुसरंच दिसलं. गोदामात ओल खात बसलेली रिळं दिसली. एकीकडे शब्द आहेत त्यांना कागद नाही, दुसरीकडे कागद आहे त्याला शब्द नाहीत.

चांगलंही झालेलं आहे, ते दडवणार नाही. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवन आहे. १९५६ च्या दीक्षेची तयारी करणारे वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. दिल्लीत बाबासाहेबांचं टंकलेखन करणारे नानकचंद रत्तू यांनी त्या दिल्या. कोट, टोपी, टाइपरायटर. कोटांना कसर लागली, बुरशी आली, आणि मग त्यातल्या जाणकारांनी त्यांच्यावर उपचार केले. पुण्याला माईसाहेबांनी दिलेल्या वस्तूंचं संग्रहालय १९९६ पासून आहे. लोकरीच्या कोटाला काय लागतं ते ताईनं सांगितलं: अंधूक उजेड, पन्नास लक्स, म्हणजे संध्याकाळी ओटीवर असतो तेवढा, हवा ना फार कोरडी ना फार ओली, हँगरला नाही, आडवा, घड्यांमध्ये मऊ कागदाच्या वळकट्या घालून. लोकांना वाटतं झगमगाटात ठेवलं की मान राखला. पण उजेडानं खाल्लेला रंग परत येत नाही.

कायदाही बघितला. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा, १९७६ पासून लागू. वस्तू शंभर वर्षांची असेल तर ती पुरावस्तू. हस्तलिखित, दस्तऐवज महत्त्वाचा असेल तर पंचाहत्तर वर्षं. माझी वही पंचाहत्तरची होईल २०३२ साली. तोवर ती कायद्याच्या डोळ्यांत रद्दीच. मंदिराच्या खांबाला वय असतं. आम्ही लिहायलाच उशिरा लागलो, आमच्या कागदाला वय कुठून आणू? आणि वय असूनही काय होतं ते २०२५ मध्ये सगळ्या जगानं बघितलं. पिपरहवाच्या स्तूपातली रत्नं १८९८ साली पेपे नावाच्या साहेबाला सापडली, काही त्याच्या घरातच राहिली, आणि त्याच्या वारसांनी ती हाँगकाँगच्या लिलावात काढली. भारत सरकारनं नोटीस दिली, मे महिन्यातला लिलाव थांबला, जुलैत रत्नं परत आली. एका उद्योगपतीनं पैसे मोजले म्हणून. बुद्धाच्या अस्थींबरोबर पुरलेल्या रत्नांची किंमत ठरली होती, हे ऐकून माझी आजी म्हणाली, "मग आमची काय कथा!"

नोंद नसण्याचं दुःख तालुक्यातच दुसऱ्यांनाही आहे, आम्हालाच नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. ठाकरांची वाडी. चार दिवसांनी शोध थांबवला. मातीखाली राहिले ते कागदावर बेपत्ता. आणि वाचले त्यांच्याजवळ आपण कोण हे सांगणारा कागद उरला नव्हता.

मधल्या एका रविवारी मी कोंडाण्याच्या लेण्यात गेलो. कर्जतहून कोंदिवडे, तिथून पायी. दोनेक हजार वर्षांचं लेणं. चैत्याचा बराच भाग ढासळलाय, पावसाचं पाणी वरून पडदा धरतं. भिंतीवर मोडक्या मूर्तीजवळ ब्राह्मीतली एक ओळ आहे. मला वाचता येत नाही, अर्थ पुस्तकातून कळलेला: कण्हाचा शिष्य बलक, त्यानं हे केलं. राजाचं नाव नाही, शेठचं नाव नाही, छिन्नी धरणाऱ्याचं नाव. दान कुणी दिलं ते लिहिलेल्या ओळी पुष्कळ लेण्यांत असतात. काम कुणी केलं ती ओळ दुर्मीळ. मी त्या अक्षरांना हात लावला नाही, ताईनं बजावलं होतं. हाताचं तेल दगडालाही लागतं.

आता माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे, आखलेली. पहिली नोंद अशी. क्रमांक २०२५.१. वर्गणीची वही, हाती लिहिलेली, सुरुवातीची पानं व पुठ्ठा नाही, उरलेली पानं ६२. साल १९५७, आतल्या तारखांवरून. सापडल्याची जागा: गिरणीचं यार्ड, गाठ कुठली ते माहीत नाही. देणारा: रकाना रिकामा. आधीची नोंद: गेटचं रजिस्टर, जप्त माल. स्थिती: बुरशी झाडली, दोन पानांवर सेलोटेप, इस्त्रीचं नुकसान, दोन्ही माझ्या हातून. पान १९ वरचं नाव नोंदणाऱ्याच्या पणज्याचं असू शकेल, पुरावा नाही. या शेवटच्या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ अडलो. आजीला वाचून दाखवलं तर ती रुसली. पण खोडलं नाही.

दुसरी नोंद परवाची. वस्तीतली म्हातारी मावशी पदरात बांधून काहीतरी घेऊन आली. नवऱ्याच्या गिरणीचा पितळी बिल्ला. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला, तो गावी आला, परत गेला नाही. बिल्ला जमा करायचा राहिला. त्यावर नंबर आहे, नाव नाही. मी मोजला, वजन नाही केलं. फोटो काढला. "बाय, कुठल्या खात्यात होते?" विचारलं. "रिंगला. आन् मंग बदलीला." मी लिहिलं. "ह्यो तुला दिला नाय मी," ती म्हणाली, "ठेवायला दिलाय." म्हणून रकान्यात लिहिलं: उसना. मालकी देणारीची. परत करायची तारीख विचारली तर म्हणाली, तिचा नातू दिवाळीला पुण्याहून येईल, त्याला दाखवायचा आहे, तेव्हा दे. मग पेन मागितलं. मी अंगठ्याची शाई पुढे केली होती, ती तिनं बाजूला सारली.